सुकेळ्यांचा सापळा

"आज चोर पकडला नाही, तर नावाचा जयवंत नाही!"

जयवंतरावांनी हे आरशासमोर ठणकावून सांगितलं. अगदी हळू आवाजात, कारण स्वयंपाकघरात मनोरमाबाई होत्या.

प्रश्न अब्रूचा होता. वसईजवळच्या उमेळ्यातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मनोरमाबाईंनी राजेळी केळी सोलून वाळत घातली होती. चांगल्या सुकेळ्यांना आठवडाभर ऊन लागतं. इथे रोज एक-दोन गायब! आणि गच्चीवर रोज दुपारी पुस्तक घेऊन बसणारा माणूस एकच, स्वतः जयवंतराव. त्यातून मधुमेही, म्हणजे गोडाला बंदी.

"रविवारपर्यंत चोर दाखवा," मनोरमाबाई म्हणाल्या, "नाहीतर गच्चीची किल्ली माझ्याकडे. मग वाचा हॉलमध्ये!"

हॉलमध्ये! तिथे दुपारभर टीव्हीवर सासवा किंचाळत असत. जयवंतरावांसारख्या पुस्तकी माणसाला जगात गच्चीवरच्या टाकीमागची सावली तेवढी आपली होती.

संशय चौथ्या मजल्यावरच्या मायकलवर. तो रोज दुपारी कुंड्यांना पाणी घालायला वर यायचा. शनिवारी जयवंतरावांनी टाकीलगतच्या ताटावरची जाळी काढली, सुकेळी मोहक रचली आणि टाकीमागे उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. चोर पकडायचा म्हणजे एवढं चालायचंच!

बऱ्याच वेळानं मायकल आला. पाणी घातलं. ताटाकडे बघितलं. "अरे, जाली कोनी काढली?" असं पुटपुटत त्यानं जाळी पुन्हा नीट झाकली आणि कुंड्यांकडे वळला.

जयवंतराव हादरले. असा सज्जन चोर काय कामाचा? त्यांनी तिथूनच फोन लावला आणि कुजबुजले, "मायकल, गच्चीवर आहात ना? एक सुकेळं खाऊन बघा की."

"नको हो. मनोरमाबाय ओरडंल."

"कोणी नाहीये तिथे."

"पन तुमी हलू का बोलताय? बरं नाय काय?"

"मायकल, माझी शप्पथ आहे तुम्हाला! खा!"

शप्पथ म्हटल्यावर बिचारा काय करणार? त्यानं जाळी उचलून सुकेळं तोंडात घातलं.

"सापडलात!" जयवंतराव गरजले आणि उसळून उठले. म्हणजे, कमरेपासून वरचे उठले. डावा पाय उठलाच नाही. ते गव्हाच्या पोत्यासारखे ताटावर कोसळले. आठवड्याची मेहनत पोटाखाली चपटी झाली!

मायकलच्या बोंबेनं बिल्डिंग वर आली. सर्वांत पुढे मनोरमाबाई, मागोमाग सून संपदा. ती वसई कोर्टात वकिली करायची.

"संपदा, हा चोर! रंगेहाथ!" जयवंतराव पडल्या पडल्या म्हणाले.

"मना यांनीच शप्पथ घातली!" मायकल रडकुंडीला आला.

संपदानं सगळं ऐकून घेतलं. "बाबा, चोरी करायला आलेल्याला पकडणं वेगळं आणि ज्याच्या मनातही नाही त्याला गळ घालून चोर बनवणं वेगळं. कोर्टात हा सापळा उलटा तुमच्यावरच पडेल. शिवाय घरच्या माणसानंच खा म्हटल्यावर चोरी कसली?"

"मग रोजची सुकेळी कोणी खाल्ली?"

"खाल्ली नाय, चाखली," मायकलची बायको लुईझा पुढे येऊन म्हणाली. "मनोरमा, तूच बोललीस ना, तुजा हात जुना, रोज सकाली वालली का तपासत जा? आमच्यात सुकेली दातानंच तपासतात. मायची माय बी तशीच तपासायची."

"पण रोज दोन-दोन?"

"ताटाच्या दोन बाजू असतात ना, बाय!"

मनोरमाबाईंना आधी हसू आलं, मग नवऱ्याची दया. त्यांनी दाराला लावलेली गच्चीची किल्ली काढून सगळ्यांदेखत त्यांच्या हातात ठेवली. जयवंतराव निर्दोष! ते ऐटीत चालू लागले आणि डाव्या पायाचा पंजा फटाफट जमिनीवर आपटू लागला.

डॉक्टरांनी पाय वरखाली करून पाहिला. "किती वेळ उकिडवे बसला होतात? गुडघ्याच्या बाजूला नस अडकून दबली आहे. पंजा आपोआप ताळ्यावर येईल, पण दीड महिना जिना चढायचा नाही."

"गच्ची तरी?" जयवंतरावांनी हळूच विचारलं.

"गच्चीवर लिफ्ट जाते?"

बिल्डिंगला लिफ्टच नव्हती.

दुसऱ्या दुपारी ते हॉलमध्ये, उशीवर पाय ठेवून पडले होते. मनोरमाबाईंनी प्रेमानं टीव्हीचा आवाज वाढवला. "तुम्हाला करमत नसेल ना! पहिल्या भागापासून लावते हं!"