जैसे थे

पगारे आबा स्वतःच्या अंगाचा पंचनामा करतात. दर चार महिन्यांनी, उभ्याने, माझ्या टेबलासमोर.

मी एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे. आमचं मशीन म्हणजे एक अवाढव्य लोहचुंबक, त्यामुळे त्या खोलीत टाचणीसुद्धा चालत नाही. बाकीचे लोक खिसे रिकामे करतात, घड्याळ काढतात आणि आत जातात. आबा आधी वहीचा कागद काढतात आणि एकेक वस्तू टेबलावर मांडत मोठ्याने लिहितात. "मनगटी घड्याळ, एक नग, चालू स्थितीत. पट्टा, एक नग, बक्कल गंजलेलं. चष्मा, एक नग, डावी काडी दोऱ्याने बांधलेली." मग कागद माझ्याकडे सरकवतात. "मुद्देमाल ताब्यात मिळाला म्हणून सही करा, मॅडम."

"आबा, मागे चार पेशंट खोळंबलेत."

"सहीला कितीसा टाइम लागतो?"

मी सही करते. एकोणीस वर्षं हे काम करतेय. वाद घालायची ताकद पहिल्या पाच वर्षांतच संपली. त्या खोलीत मशीनसाठी इतका गारवा ठेवावा लागतो की नाशिकच्या मे महिन्यातही मी स्वेटर घालून असते, आणि संध्याकाळी सातपूरच्या बसमध्ये लोक माझ्याकडे बघून जागा सोडून बसतात.

आबा तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. ते निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नाही. नांदगावहून सकाळच्या गाडीने ते नातीला, रेणूला, घेऊन येतात. रेणूचे वडील ती तान्ही असतानाच गेले. आई अंगणवाडीत आहे. तिला रजा मिळत नाही, आणि मिळाली तरी इथे बाहेर बसून राहणं तिला सोसत नाही. म्हणून आबा.

रेणूच्या उजव्या डोळ्यामागच्या नसेवर गाठ आहे. पोरांना होणारी ही गाठ मोठी लहरी असते. कधी वर्षानुवर्षं गप्प पडून राहते, कधी अचानक अंग धरते. कापायला जावं तर डोळाच जायचा. म्हणून डॉक्टर ठरावीक महिन्यांनी एमआरआय करायला लावतात आणि नव्या फोटोत नस जुन्यापेक्षा जाड झालीय का, ते ताडून बघतात. झाली नसेल तर काही करायचं नाही, घरी जायचं. पगाऱ्यांच्या घरात चांगली बातमी म्हणजे काहीच न घडल्याची बातमी.

या बातमीला कोर्टात तयार शब्द आहे. पहिल्यांदा डॉक्टरांनी "काही बदल नाही" म्हणून सांगितलं तेव्हा आबा खूश होऊन माझ्याकडे आले. "म्हणजे जैसे थे! जमिनीचा वाद असला की कोर्ट हाच हुकूम देतं, मॅडम. कुणी बांध कोरायचा नाय, कुणी नांगर घालायचा नाय. गाठीनं तिच्या जागी बसायचं, डोळ्यानं त्याच्या जागी. निकाल लागायचा तवा लागंल."

त्याच रिपोर्टवरून ते दुसऱ्या दिवशी भांडायलाही आले होते. डाव्या डोळ्याची नस 'अनरिमार्केबल' असं लिहिलं होतं. आमच्या धंद्यात याचा अर्थ निरोगी, शेरा मारण्यासारखं काही नाही. आबा म्हणाले, "माझी नात वर्गात पहिली येते, आन् तिचा डोळा अनरिमार्केबल? गोपनीय अहवालात असा शेरा बसला तर माणसाचं प्रमोशन बुडतं!" मी समजावून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

त्या दिवसापासून त्यांनी हा हुकूम सगळ्या जगाला लागू केला. स्कॅनला येताना तोच चौकटीचा शर्ट, तीच पिवळी पिशवी, पिशवीत त्याच स्टीलच्या डब्यात शेवभाकरी. बसायची जागाही ठरलेली, पंख्याखालची हिरवी खुर्ची. मध्यंतरी आमच्याकडे नव्या खुर्च्या आल्या. आबांनी वॉचमनच्या मागे लागून ती हिरवी खुर्ची अडगळीतून बाहेर काढवली. तिचा एक पाय डुगडुगतो. "डुगडुगू द्या," म्हणाले, "आधीपासून डुगडुगतोय."

एक मात्र मान्य करायला हवं. एवढीशी पोरं मशीनमध्ये निजून राहत नाहीत, त्यांना झोपेचं औषध द्यावं लागतं. रेणू सहा वर्षांची झाल्यापासून औषधाशिवाय निजते, आणि ते आबांचं काम आहे. मशीन आतून प्रचंड खडखडतं. आबांनी तिला सांगून ठेवलंय की आत टायपिस्ट बसलाय, तो तिची ऑर्डर टाइप करतोय. "तू हललीस की खाडाखोड. खाडाखोड झाली की पुन्हा पहिल्यापासून." हे अगदी खरंही आहे. पोर हललं की फोटो पुसट येतो आणि पुन्हा काढावा लागतो. एकोणीस वर्षांत मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

आबा आत स्टुलावर बसतात, कानात कापूस, हातात रेणूच्या पायाचा अंगठा. मी काचेतून बघते. पाऊण तास ती हलत नाही आणि तेही हलत नाहीत. एकदा त्यांच्या नाकावर माशी बसली होती. मीच अलीकडे नाक खाजवलं.

आता माझ्या चेहऱ्याविषयी. तो मुळातच थकलेला आहे. आमच्या तक्रारवहीत दर महिन्याला कुणीतरी लिहितं, 'टेक्निशियन मॅडम हसत नाहीत, खेकसतात.' मॅनेजरने मला समजही दिली, आरशाखाली 'हसतमुख सेवा' अशी चिठ्ठी चिकटवली. आबांनी ती वाचली आणि तक्रारवही मागून घेतली. त्यांनी लिहिलं, 'मॅडमचे चेहऱ्याबाबत परिस्थिती जैसे थे ठेवावी, ही विनंती. अर्जदार, ना. पगारे.'

मी विचारलं, "हे काय आबा?"

"रिपोर्ट उद्या मिळतो, मॅडम. पण आत टीव्हीवर तुम्हाला आधी दिसतं. तुम्ही नेहमीसारख्या खेकसल्या की मला रात्री झोप लागती."

आम्हाला पेशंटला काही सांगायची परवानगी नसते. मी कधीच काही सांगितलं नव्हतं. तरी हा माणूस दोन वर्षं माझं तोंड वाचून घरी जात होता.

मग तो दिवस आला. पडद्यावर नस दिसली आणि मी जुना फोटो शेजारी उघडला. मग आणखी एकदा उघडला. ती जाड झाली होती. मोजायची गरज नव्हती.

आत जाऊन फोटोसाठी रेणूच्या डोक्यावर बसवलेला प्लास्टिकचा पिंजरा उघडला. तिने विचारलं, "खाडाखोड झाली नाय ना?"

"अजिबात नाही गं. एक नंबर," मी म्हटलं.

बाहेर येऊन आबांचं घड्याळ, पट्टा, चष्मा त्यांच्यापुढे ठेवला आणि मी त्यांच्याकडे बघून हसले. चांगलं, तोंडभर. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांना बरं वाटावं एवढंच मनात होतं.

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही हसलात."

त्यांनी चष्मा लावला. पट्ट्याचं बक्कल तीनदा सटकलं. रेणूने पुढे होऊन ते लावून दिलं. सहीचा कागद टेबलावरच राहिला. त्यांनी तो कधी विसरला नव्हता.

डॉक्टरांनी समोर बसवून, पाणी देऊन, सावकाश सांगायची गोष्ट मी दात दाखवून सांगून टाकली होती. घरी जाऊन मी नवऱ्यावर विनाकारण ओरडले आणि मग मोरीत उभी राहून रडले.

रेणूची औषधं सुरू झाली. दर आठवड्याला सलाइन. त्यासाठी आबा तिला घेऊन दर आठवड्याला नाशिकला येत. चार महिन्यांनी ते माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा शर्ट तोच होता, पण त्यात माणूस कमी भरत होता. रेणूचे केस विरळ झाले होते. उजव्या डोळ्याने तिला थोडं धूसर दिसत होतं, आणि ती मान किंचित वळवून बघायला शिकली होती. आबांनी पंचनामा केला, मी सही केली. आत जाताना ते हात जोडून म्हणाले, "आज हसू नका, मॅडम. एवढी विनंती हाय."

पाऊण तास मी पडद्याकडे बघत होते. नस आली. जुना फोटो शेजारी लावला. या वेळी मोजली, दोन्हीकडून मोजली. गाठ जिथे होती तिथेच थांबली होती.

आणि मला हसू यायला लागलं. इतकं की ओठ दाताखाली धरले तरी आवरेना. हे तोंड घेऊन बाहेर गेले असते तर म्हाताऱ्याने तिथेच प्राण सोडला असता. मी मान खाली घालूनच रेणूला मशीनवरून उतरवलं, आबांना तिच्याबरोबर पुढे टेबलापाशी धाडलं आणि दारामागे उभी राहिले. वीजबिल आठवलं, सासूबाई आठवल्या, सातपूरची बस आठवली. मग दार ढकललं.

"आबा! किती वेळ लावता? मागे पाच जण खोळंबलेत! उचला तो मुद्देमाल आणि टेबल मोकळं करा!"

सगळी बसलेली माणसं दचकली. आबांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडे त्यांनी खूप वेळ बघितलं, कोर्टात सही पडताळतात तसं. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. डोळे पुसायला चष्मा काढायला गेले, तो टेबलावरच होता. मुद्देमालातून फोन उचलून त्यांनी अंगणवाडीत लावला.

"सूनबाई, मॅडम खेकसल्या," ते म्हणाले आणि शर्टाची बाही डोळ्यांना लावली. रेणूने फोन घेतला आणि सांगितलं, "आई, लय जोरात खेकसल्या."

संध्याकाळी मॅनेजर तक्रारवही घेऊन आला. कुणा बाईंनी लिहिलं होतं, 'टेक्निशियन मॅडमनी एका वृद्ध गृहस्थांना सर्वांसमोर ओरडून रडवले. कारवाई व्हावी.' त्याखाली ओळखीचं अक्षर होतं. 'वरील तक्रार रडणाऱ्यास मान्य नाही. परिस्थिती जैसे थे ठेवावी. अर्जदार, ना. पगारे.'

"याचं आता काय करायचं?" मॅनेजरने विचारलं.

"आहे तसं राहू द्या," मी म्हटलं आणि पुढच्या पेशंटला घड्याळ काढायला लावलं.