दत्तूकाका मीटर निवडतात

दत्तूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकी बघत, मग माणसं. आमच्या दारात उभं राहून म्हणत, "उजेड बरा आहे आज तुमच्याकडे. बाबा आहेत का?" आपला नंबर उजेडानंतर लागतो, हे माझ्या बाबांनीही मान्य केलेलं होतं.

शहाडच्या आमच्या चाळीत काका शेजारच्या खोलीत राहायचे. नोकरी जवळच्या मोहने गावच्या कारखान्यात, वजनकाट्यावर. त्यामुळे असेल, पण त्यांचा अंदाज या गोष्टीवर मुळीच विश्वास नव्हता. "अंदाज नको!" हे त्यांचं पालुपद. काकूंनी चिमटीने मीठ घातलं की विचारत, "चिमूट कुणाची? तुझी की माझी?" भाजीवाल्याला ते आधी रिकामा तराजू वर धरायला लावत. शेवटी शेवटी तर भाजीवाला त्यांना लांबून बघूनच गाडी वळवायचा.

अशा माणसाच्या हाती एक जुना कॅमेरा आला, आणि त्यात नेमकी उजेड मोजायची सोय नव्हती. कारखान्यातल्या एका साहेबांनी निवृत्त होताना दिलेला. दोन भिंगांचा, चौकोनी, वरून वाकून बघायचा. काका फोटो काढायला लागले की समोरच्याला नमस्कार करतायत असं वाटे. म्हातारी माणसं संकोचून "असू दे, असू दे" म्हणायची. उजेड किती आहे, ते मात्र डोळ्यांनीच ठरवावं लागे. "जन्मभर काट्यावर उभा राहिलो, आणि इथे अंदाज?" काका हळहळायचे.

म्हणून उजेड मोजणारा, हातात धरायचा मीटर घ्यायचं ठरलं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस येत होता. त्या दिवशी काकूंचा एकटीचा फोटो काढायचा आणि तो नीटच काढायचा, असं काकांनी जाहीर केलं. काकूंनी त्याहून मोठ्या आवाजात जाहीर केलं, "मी उभी राहणार नाही." कॅमेरा बाहेर निघाला की काकूंना हटकून चहा टाकायची आठवण व्हायची.

मी तेव्हा सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं अशी चाळीची समजूत. खरं तर प्रॅक्टिकलला सुई हलली की तिच्याबरोबर माझा जीवही वरखाली व्हायचा. पण काकांना कोण सांगणार? "सायन्स, तू चल," ते म्हणाले. मला ते नावाने हाक मारतच नसत. "मीटरबरोबर इंग्रजी पुस्तिका असते." काकूंना मात्र ठाण्याला साडी घ्यायची आहे असं सांगून आणलं होतं.

ठाण्यातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानाचा मालक शांत माणूस होता. निदान सुरुवातीला तरी.

"हा चेहऱ्याकडे धरायचा," त्याने पहिला मीटर दिला, "आणि सुई सांगेल तसा कॅमेरा लावायचा. बस्स."

काकांनी मला दारात उभं करून सुई वाचली. मग त्याच जागी काकूंना उभं केलं. सुई बरीच खाली.

"उजेड तोच, जागा तीच. मग सुई दोन बोलते कशी?"

कारण मला कळलं होतं, पण जीभ उचलेना. मीटर चेहऱ्यावरून परत येणारा उजेड मोजत होता, आणि काकू रंगाने काळ्या होत्या. चांगल्या काळ्या.

शेवटी दुकानदारच म्हणाला, "काका, उलट बरंच आहे की. मीटर समजणार, उजेड कमी आहे. तसा कॅमेऱ्यात जास्त उजेड घेतलात तर काकू फोटोत गोऱ्या येतील."

काकूंनी पिशवी उचलली. "मी साडीच्या दुकानात जाऊन बसते."

"थांब गं. तुझ्याशिवाय मीटर निवडता येत नाही." मग दुकानदाराकडे वळून काका म्हणाले, "ही गोरी नाहीये. गोरी आली तर फोटो चुकला. दुसरा दाखवा."

तेव्हा मला चाळीतल्या सत्यनारायणाचा फोटो आठवला. काकांनी पांढऱ्या सदऱ्यांवरून उजेडाचा अंदाज धरला होता. सगळे छान आले. काकूंच्या जागी नुसती साडी आणि दात. "काकूंच्या वेळेला लाइट गेली वाटतं!" असं कुणीतरी म्हणालं, आणि अख्खी चाळ हसली. काकूही हसल्या. काका हसले नव्हते.

दुसरा मीटर पहिल्यासारखाच निघाला. तिसराही. काकांनी मीटर भिंतीला लावून बघितला, दुकानदाराच्या काळ्या छत्रीला लावून बघितला, माझ्या ओढणीलाही सोडलं नाही. दुकानदार घामाघूम झाला. "अहो काका, लोक बायको करतानाही एवढं बघत नाहीत!"

"तेव्हा मीटर कुठे होता?" काका म्हणाले. "डोळ्यांनीच बघितली. पण बरोबर बघितली."

काकू पिशवीचे बंद नीट करत बसल्या.

मग दुकानदाराने खालच्या खणातून एक मीटर काढला. त्याच्या डोक्यावर अर्ध्या चेंडूसारखी पांढरी टोपी होती. पुस्तिका माझ्याकडे आली. मी अडखळत वाचलं, "हा... मला वाटतं, हा चेहऱ्याकडे नाही धरायचा. चेहऱ्याजवळ धरायचा आणि टोपी कॅमेऱ्याकडे करायची. चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तोच मोजतो हा."

मी उभी राहिले. मग काकू, मग दुकानदार, मग छत्री. सुई जागची हलली नाही.

"बघितलंस, सायन्स?" काका जवळजवळ ओरडले. "समोर कोण आहे, हे याला कळतच नाही. फक्त उजेड कळतो. हाच द्या."

लग्नाच्या वाढदिवशी सकाळी काकू नवी साडी नेसून गॅलरीत उभ्या राहिल्या. कशा तयार झाल्या, ते मी विचारलं नाही. चहाचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही.

फोटो धुऊन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. काकू खिडकीशी तो घेऊन बसल्या. फोटोत त्या काळ्याच होत्या, पण गालाची वर आलेली हाडं, कपाळावरची बारीक आठी, नाकातली चमकी, सगळं दिसत होतं. काका बनियनवर समोर उभे.

"काय? चुकला का?" आवाज नेहमीपेक्षा बराच खाली.

काकूंनी फोटोतल्या गालावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आई अशीच दिसायची माझी. तिचा एकही फोटो नाहीये हो."

त्यांची आई लग्नाआधीच गेली होती. काकांनी सासूबाईंना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी फोटोसाठी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मग जाऊन खुंटीवरचा शर्ट घातला, अगदी गळ्याचं बटणसुद्धा लावलं, आणि दोन्ही हातांनी फोटो घेतला.