अठ्ठावन्नचा आकडा

ठरलेला स्वयंसेवक ऐनवेळी आलाच नाही, म्हणून सूनबाई सासऱ्यांनाच प्रयोगशाळेत घेऊन आली. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचं काय होतं, यावर तिचं दोन वर्षं संशोधन चाललं होतं. आधी साधी हवा, मग थोडा वायू मिसळलेली हवा, आणि दोन्ही वेळा बेरजा-वजाबाक्या, एवढाच प्रयोग.

"बाबा, नुसतं बसायचंय."

"ते मला छान जमतं."

खरंच होतं ते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस हल्ली बसल्या जागी पेंगायचा, सकाळी डोकं धरून उठायचा, नातवंडांच्या नावांची अदलाबदल करायचा. ‘वय झालं’ म्हणून घरच्यांनी विषय मिटवला होता.

सासऱ्यांनी नळीत फुंकलं. वायूची टाकी अजून बंद होती, तरी पडद्यावर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा उमटला : अठ्ठावन्न. यायला हवा होता चाळीसच्या आसपास.

"यंत्र बिघडलं," सूनबाई म्हणाली.

तंत्रज्ञाने नळी बदलली, स्वतः फुंकलं. एकोणचाळीस. सूनबाईने फुंकलं. अडतीस. शेजारच्या खोलीतून प्राध्यापकांना हाताला धरून आणलं. चाळीस. सासऱ्यांनी पुन्हा फुंकलं. अठ्ठावन्न.

"याचं माझ्याशीच काय वाकडं आहे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत घोरू लागले.

यंत्र धडधाकट होतं.

त्याच दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत श्वास उथळ पडतो, वायू रक्तात साठतो. झोपताना मास्क लावायचा, त्याचं यंत्र श्वासाला जोर देईल.

"म्हणजे वय झालं नव्हतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"वय झालंय. पण डोकं मंदावलं ते त्याने नाही."

"डोकं गेलं या भीतीने मी घड्याळांचं दुकान बंद केलं," सासरे म्हणाले.

"बाबा, मला कळायला हवं होतं."

"तुला वेळ कुठे होता? तू संशोधन करत होतीस."

ते समजूत घालत होते की टोमणा मारत होते, हे तिला कळलं नाही. ती रडली मात्र.

महिन्याभरात सासरे लख्ख जागे झाले आणि घराचा हिशेब विचारू लागले.

"माझं कपाट कुणी देऊन टाकलं?"

"तुम्हाला विचारलं होतं, बाबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही मान हलवलीत."

"झोपेत! आणि ती भिंत हिरवी?"

"तेव्हाही हलवलीत."

आठवडाभर अशी उलटतपासणी चालली. शेवटी नवऱ्याने सूनबाईला स्वयंपाकघरात गाठलं.

"तो मास्क लावला की बोलता येत नाही ना?"

"नाही."

"मग दिवसाही लावला तर काही अपाय आहे का?"