डॉक्टर माणिकरावांची बॅग

बाळांनो, आमच्या शेजारचे डॉक्टर माणिकराव पेशंटला ‘काही खाल्लं का?’ असं कधीच विचारत नाहीत. ‘खिचडीत मिरची जास्त झाली होती का?’ असं विचारतात.

ते भूलतज्ज्ञ. नांदेड-कंधारच्या लहानमोठ्या दवाखान्यांत ऑपरेशनआधी माणसांना झोपवतात. त्यासाठी पोट रिकामं हवं, नाहीतर झोपेत उलटी होऊन छातीत जाते. पण आपल्याकडे उपाशी ठेवा म्हटलं की घरचे साबुदाण्याची खिचडी घालतात. उपासाला चालतेच की! कंधारची एक आजी देवाची शपथ घेऊन उपाशी होती. डॉक्टरांनी मिरचीचं विचारलं. ‘न्हाई बा, बराबर व्हती. शेंगदाणे तेवढे कमी,’ आजी म्हणाली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं.

शिरेतून द्यायच्या औषधांना त्यांनी घरची नावं ठेवली आहेत. प्रोपोफॉल पांढरंशुभ्र, म्हणून ते ‘दूध’. केटामाइन म्हणजे ‘वकील’, कारण ते दिलेला माणूस शुद्धीवर येताना भलतंच बोलत सुटतो. इस्लापूरचा एक गडी सासूला लई शिव्या देऊन राहिला होता आणि सासू दारातच उभी.

‘औषधाचा गुण हाय, मावशी,’ डॉक्टर म्हणाले.

‘मग औषधाला माझं नाव कसं ठावं?’

त्यांची बायको शकू पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळली आहे. कॅन्सर हाडांत उतरला. लातूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. दुखणं गोळ्यांना दाद देत नाही. ‘येवढं गाव झोपवलं, मला कधी दूध देता?’ असं ती आधी हसून म्हणायची. आता हसत नाही.

एकदा दिवेलागणीला डॉक्टर औषधांची बॅग घेऊन माझ्याकडे आले.

‘ताई, कामावरून आलो की ही तुमच्या कपाटात ठेवत जाईन. सकाळी द्या. संध्याकाळी मागितली तरी देऊ नका.’

‘शकूचा हात लागेल म्हणून?’

‘तिला कूसबी बदलता येत न्हाई, ताई. भीती माझी हाय.’

काल संध्याकाळी दार वाजलं.

‘बॅग द्या, ताई. कंधारला जायचंय, अर्जंट हाय.’

पायात चपला नव्हत्या. भिंतीपलीकडून शकूचं कण्हणं ऐकू येत होतं.

‘आत या, चहा टाकते,’ मी म्हणाले.

ते उंबऱ्यावरच बसले. ‘द्या ना, ताई. तिचं दुखणं बघवत न्हाई.’

मी नाही म्हणाले.

पलीकडून हाक आली. डोळे पुसून ते उठले आणि ‘आलो गं शकू, आलो,’ म्हणत रिकाम्या हातांनी घरी गेले.