बुरुंडी समुद्राकडं, जिबूती डोंगराकडं

आमच्या प्रणयला एक वाईट खोड आहे, ती मी आधीच सांगून टाकते. पंचवीस वर्षांचा नातू, हातापायाने धड, आणि भर दुपारी खोलीचं दार लावून बसतो. आत काय करतो? तर फुटबॉल बघतो. विचारलं की म्हणतो, "आजी, हे माझं काम आहे." त्याचा आजोबा चाळीस वर्षं सुपारीच्या झाडांवर चढला. त्याने कधी दार लावून काम केलं नाही.

तर ते काम असं. कुठल्याशा कंपनीला जगभरचे सामने लिहून लागतात. आफ्रिकेतली सतरा वर्षांखालची पोरं तिकडे खेळतात. मोठ्या स्पर्धेत कोण जाणार ते ठरवायला आधी पात्रता फेरी असते, तीच खेळतात. आणि आमचा प्रणय श्रीवर्धनच्या अलीकडे, आमच्या वाडीत बसून ते लॅपटॉपवर बघतो. कोणी बॉल मारला, कोणाचा गोल झाला, ते बटणं दाबून कळवतो. मग ते जगातल्या सगळ्या फोनवर दिसतं.

"तिथं बघायला माणसं न्हाईत व्हय?" मी विचारलं होतं.

"आहेत ना. पण ती बघतात. लिहीत कुणी नाही."

"आणि ही सतरा वर्षांखालची? त्या गोलात उभा हाय त्याला मिशी हाय."

"आजी, मशीनमध्ये मनगटाचं हाड बघतात. वय चोरता येत नाही."

आमच्या शाळेत मास्तरांनी अख्ख्या गावाला एक जून हाच वाढदिवस दिला होता. ते मशीन आमच्याकडे आलं असतं तर निम्मी पहिली त्याच दिवशी घरी गेली असती. मी दुसरीपर्यंत टिकले ते मशीन नव्हतं म्हणून.

वाचता मला बेताचंच येतं, पण माझ्या नजरेतून काही सुटत नाही. सून जनी दोन वर्षं मागे लागली आहे, आत्या, डोळे दाखवून या. मी म्हणते, ज्यांना दिसत नाही त्यांनी दाखवावे. मला दुसऱ्याच्या घरातला केर आपल्या ओटीवरून दिसतो.

आता त्या दिवसाचं सांगते. भाविकाकडची माणसं घर बघायला यायची होती. मुलामुलीची पसंती झालेली. त्या दोघांनी आम्हाला विचारायच्या आधीच करून टाकली होती, पण आम्ही ते आम्हीच केलं असं म्हणतो. उरलं होतं फक्त घर बघणं. आमच्यात मुलीचा बाप मुलाचं घर बघतो, विहिरीत डोकावतो, वाडी फिरतो, आणि मनात भरलं तर तिथेच सुपारी फोडतो. म्हणजे हीसुद्धा पात्रता फेरीच. फक्त इथं हाड बघत नाहीत, बाकी सगळं बघतात.

भाविकाचा बाप दिनानाथ. अलिबागकडचा, चार ट्रकचा मालक. त्याचं एकच म्हणणं होतं, मुलाची नोकरी पक्की पाहिजे. आणि प्रणयची होती कच्ची, तीन महिन्यांची. त्या दिवशीचा सामना शेवटचा. तो बिनचूक लिहिला की पक्की. पाहुणे सकाळी अकराला येणार, सामना दुपारी साडेतीनला. मीच बसवलं होतं सगळं. सकाळी सुपारी फुटणार, दुपारी नोकरी पक्की होणार. माझ्या हिशोबात एक दाणाही इकडचा तिकडे नव्हता.

पण खाडी ओलांडायची दिनानाथची आगरदांड्याची फेरीबोट चुकली. मग पुढची बंद पडली. अकराचे पाहुणे आले नाहीत, बाराचे आले नाहीत. साडेतीनला सामना सुरू झाला आणि प्रणय नवा शर्ट घालून खुर्चीत बसला. मी त्याच्या मागे उभी.

"बुरुंडी आणि जिबूती," तो म्हणाला. "जो जिंकेल तो पुढं जाणार."

"कोणते कोण?"

"हिरवे बुरुंडी. निळे जिबूती."

मी बघितलं. कॅमेरा कुठल्या तरी उंच माडावर बांधल्यासारखा लांब. खाली मुंग्या धावत होत्या. हिरव्या म्हणायच्या तर हिरव्या, निळ्या म्हणायच्या तर निळ्या. पण मी चौकशी केली नाही. मी आपली साधी खूण धरली. टेबलाचं डावं टोक आमच्या समुद्राकडं, उजवं डोंगराकडं. बुरुंडी उभे होते डावीकडे. म्हणजे बुरुंडी समुद्राकडचे आणि जिबूती डोंगराकडचे. एकदम सोपं.

आणि प्रणय मध्ये तोंड धुवायला गेला तर बसता यावं म्हणून मी बटणंही विचारून घेतली. बुरुंडीच्या बटणावर कुंकवाचा टिपका दिला, जिबूतीच्या बटणावर हळदीचा. प्रणय ओरडला, "आजी, कंपनीचा लॅपटॉप आहे." मी म्हटलं, "मग तुझ्या कंपनीला हळदीकुंकू चालत न्हाय काय?" एकदा दाबलं की नुसता मारलेला बॉल, दोनदा दाबलं की गोल. बास.

पहिल्या डावात बुरुंडीने एक गोल केला. प्रणयने लिहिला. मग सगळी पोरं पाणी प्यायला आत गेली, पंधरा मिनिटांची सुट्टी. आणि त्याच वेळी अंगणात गाडी थांबली.

दिनानाथ, त्याच्याबरोबर भाविका. हल्ली मुलगीही घर बघायला येते. आल्या आल्या दिनानाथ म्हणाला, "काकी, माफ करा, उशीर झाला. पण दिघीवरून शेवटची फेरीबोट गाठायची हाय. चहा नंतर. आधी वाडी आणि विहीर बघून घेतो. जावईबापू दाखवतील ना?"

प्रणयने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दारात आलेल्या मुलीच्या बापाला, मी टीव्ही बघतोय, तुम्ही फिरून या, असं कोण सांगणार? मी त्याला बाजूला ओढलं.

"तू जा. मी बसते."

"आजी, नको. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे. दुसरा हाफ सगळ्यात महत्त्वाचा."

"मी सगळं जाणते. कुंकू समुद्राकडं, हळद डोंगराकडं. जा म्हणते ना."

त्याला वेळ नव्हता, मला शंका नव्हती. तो गेला.

मी खुर्चीत बसले. पदर खोचला. सामना सुरू झाला. आणि काय सांगू, डोंगराकडच्या पोरांच्या अंगात वारं शिरलं होतं. पहिल्या डावात थंड पडलेली पोरं दुसऱ्या डावात नुसती समुद्राकडे धावत सुटली. थोड्या वेळात समुद्राकडच्या जाळीत बॉल. मी हळदीचं बटण दोनदा दाबलं. जिबूतीचा गोल.

मात्र एक गोष्ट मला कळेना. गोल झाल्यावर काही पोरं एकमेकांच्या अंगावर पडून ढीग करून बसली. मी म्हटलं, बिचारी बुरुंडीची पोरं, गोल खाल्ला म्हणून एकमेकांच्या गळ्यात पडून रडतायत. लेकरांना किती लागतं मनाला. आणि जिबूतीची पोरं? कमरेवर हात ठेवून शांत उभी. गोल केला तरी तोरा नाही. मला ती पोरं फार आवडली. घरचं वळण चांगलं असणार.

बोलणारा माणूस परकी भाषा बोलत होता, भजनीबुवासारखा हेल काढून. वर कोपऱ्यात काही आकडे होते, पण ते मुंगीच्या पायाएवढे, आणि ते आपल्या कामाचे नव्हते. आपलं काम बटणांचं. दुसरा गोल, हळद. तिसरा गोल, हळद. ढीग झाला, रडारड झाली, मला भरून आलं. "रडू नका रे," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी परत या." मग आठवलं, पुढच्या वर्षी ती अठराची होतील. मशीन हाड बघेल. आणखीनच वाईट वाटलं.

एवढ्यात भाविका चहाचा कप घेऊन आत आली. हातात फोन. पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आजी, मी पण बघत होते फोनवर. जिबूतीनं तीन मारले?"

"मारले ना. माझ्या डोळ्यांदेखत."

ती वाकून लॅपटॉपकडे बघत राहिली. "पण आजी, वर तर चार-शून्य लिहिलंय. बुरुंडी चार."

"ते त्यांचं चुकलं असेल. लांबून लिहितात."

मग तिने एका मुंगीवर बोट ठेवलं. "आजी, हा कुठल्या रंगाचा?"

मी म्हटलं, "निळा."

"आणि हा?"

"हिरवा."

भाविका गप्प बसली. पोरगी गप्प बसते तेव्हा काहीतरी मोठं झालेलं असतं हे मला माझ्या सासूपासून ठाऊक आहे.

"आजी, दोघं एकाच टीमचे आहेत," ती म्हणाली. "आणि हाफटाइमनंतर बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडं जातात."

"कशाला?"

"नियम आहे."

आता मला सांगा, हे कुणाला सुचेल? कबड्डीत बाजू बदलतात म्हणे, पण तिथं मी पोरांची तोंडं ओळखते, बाजू बघायची गरजच पडत नाही. आणि जमिनीत? आमच्या चुलत दिराने बांध वीतभर सरकवला तर तेवीस वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. बांधाच्या अलीकडचा तो अलीकडचा, मरेपर्यंत. आणि ही पोरं पाणी पिऊन येतात आणि सरळ दुसऱ्याच्या वाडीत उभी राहतात, आणि कुणी काही बोलत नाही!

तेवढ्यात टेबलावरचा प्रणयचा फोन वाजला. भाविकाने बघितलं. "परेश. ह्यांचे साहेब." तोवर प्रणय वाडीतून पळत आला, पायाला चिखल, मागे दिनानाथ, त्याच्या मागे हात पुसत जनी. प्रणयने फोन घेतला. साहेबाचा आवाज एवढा मोठा की मला विहिरीवरही ऐकू आला असता.

"प्रणय, काय चाललंय? बुरुंडी चार-शून्यनं पुढं आहे आणि तू जिबूती तीन-एक पाठवलंस. लोकांच्या फोनवर जिबूती पुढच्या फेरीत गेलंय. झोपला होतास?"

दिनानाथ दारात उभा राहून ऐकत होता. नातवाची नोकरी, भाविकाचं लग्न, सगळं त्या फोनच्या तोंडाशी आलेलं. आणि चूक कोणाची हे मला ठाऊक होतं. मी घरात मोठी. मी आजवर कुणापुढे मान खाली घातली नाही. पण नातवाने माझं पाप डोक्यावर घ्यावं, हे मला चालण्यासारखं नव्हतं. मी त्याच्या हातातून फोन ओढला.

"ओ साहेब. प्रणय झोपला न्हवता. तो इथं न्हवताच. चूक माझी हाय. मी बसले होते."

तिकडून प्रश्न आला, "आपण कोण?"

"त्याची आजी. कृष्णाबाई. बुरुंडी समुद्राकडची, एवढं मी नीट धरलं होतं. तुमच्या पोरांनी मधेच जागा बदलली, मला कुणी सांगितलं न्हाय."

प्रणयने डोक्याला हात लावला. खरं बोलून मी त्याला वाचवलं असं मला वाटलं होतं. पण साहेब म्हणाला, "आजी, नुसती चूक असती तर दुरुस्त केली असती. पण दुसऱ्याच्या हातात सामना देणं, हे त्याहून मोठं आहे." म्हणजे मी गप्प बसले असते तर एक गुन्हा होता. बोलले म्हणून दोन झाले.

भाविका मात्र बोलत बसली नव्हती. तिने खुर्ची ओढली, प्रणयला म्हणाली, "तू बघ, मी वेळा सांगते." मग दोघांनी डोकं जवळ करून एकेक गोल काढला, एकेक परत घातला. सामना संपायच्या आत बुरुंडी चार, जिबूती शून्य. ढीग करून रडणारी पोरं पुढच्या फेरीत गेली. माझी चांगल्या वळणाची पोरं घरी गेली.

साहेबाने शेवटी निकाल सांगितला. काढत नाही, पण पक्कीही करत नाही. कच्चे तीन महिने आणखी.

आता सगळ्यांची नजर दिनानाथवर. तो ओटीवर बसला, टोपी काढली. "काकी, माझ्या ट्रकवर क्लीनरने स्टिअरिंग धरलं तर मी ड्रायव्हरला खाली उतरवतो."

मी म्हटलं, "उतरवा."

"पण क्लीनर ड्रायव्हरची आजी असेल तर काय करायचं, ते मला माहीत न्हाय." तो हसला नाही, पण मिशी हलली. "वाडी चांगली हाय. विहिरीला पाणी हाय. सुपारी तीन महिन्यांनी फोडू. नोकरी पक्की झाली की."

चहा झाला. दिघीची फेरीबोट गाठायला ते निघाले. जाताना भाविका वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, शुक्रवारी श्रीवर्धनला डोळ्यांचं शिबिर आहे. तुमचं नाव घातलंय मी फोनवरून. मोतीबिंदू आहे तुम्हाला, माझ्या आजीलाही असाच होता."

माझ्या घरात येऊन माझ्या डोळ्यात खोट काढते. मी जरा वेळ तिच्याकडे रोखून बघितलं. धूसर दिसली, पण पोरगी चांगली दिसली. मी जनीला म्हटलं, "हिला जाताना दोन शहाळी दे."

गाडी गेली. प्रणय ओटीच्या पायरीवर गुडघ्यात मान घालून बसला होता. लॅपटॉपवरचं हळदीकुंकू पुसता पुसता त्याने विचारलं, "आजी, आता मी काय करू?"

मी त्याच्याजवळ बसले आणि सांगितलं, "दार लाव आणि काम कर. तुझं ते काम हाय, मला कबूल हाय. पण आजची चूक तुझीच. मला खुर्चीत बसवायच्या आधी विचारायचं होतंस, आजी, तुला हिरवं-निळं दिसतं काय. मी व्हय म्हटलं असतं, ती गोष्ट येगळी."