चारवाली की नऊवाली

गेल्या हंगामात गुणवंता पटलेने रानडुकरावर नेम धरला आणि गोळी घातली ती स्वतःच्याच पाण्याच्या टाकीत. डुकराने मान वळवून गळती टाकी पाहिली आणि ते शांतपणे पुन्हा धानात शिरलं. वन खात्याची परवानगी होती, वडिलांच्या वेळची परवान्याची रायफल होती, नव्हता तो फक्त नेम. निम्मं धान डुकरांनी खाल्लं आणि पटल्यांच्या घरी पहिल्यांदाच विकतचा तांदूळ शिजला. धानवाल्याची याहून मोठी फजिती तिरोडा तालुक्यात दुसरी नाही.

"अवंदा विकतचा तांदूळ घरात आला, तं मी चालली माहेरी," बायको रुख्माने सांगून टाकलं.

"नेमात खोट नाई, नजरेत हाय," गुणवंता म्हणाला. "रायफलीले दुर्बीण लावतो."

गोंदियाच्या इंद्रकुमार शेठने दुकानात दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या. "भैया, ये चार गुना दिखाती है, ये नौ गुना. दोनों ले जाओ, जो जमे वो रखना."

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. शेतातल्या मचाणावर परीक्षा सुरू झाली आणि अर्धं गाव परीक्षक झालं. शेजारच्या केशोरावला नऊवालीतून तिरोड्याच्या वीज केंद्राची चिमणी दिसली. तो तीच रोज येऊन पाहू लागला. कोणी चारवालीतून बस येताना बघून आरामात फाट्यावर जाई. मतं वाढत गेली आणि धान पिकत गेलं.

"डुक्कर धानात हाय, चिमणीवर नाई," रुख्मा म्हणाली. "एक कोनतीबी लावा ना जी."

शेवटी गुणवंताने नऊवाली निवडली. जास्त ते चांगलंच, हा त्याचा हिशेब. तो रायफलीवर शेवटचा स्क्रू आवळत होता, तेवढ्यात पोलीस पाटील लीलाधर आला.

"भाऊ, आचारसंहिता लागली. बंदूक ठाण्यात जमा करा लागते."

"अन् डुकरायले कोन सांगन आचारसंहिता?"

"मतदान झालं का परत भेटते."

"दुर्बीण?"

लीलाधरने थोडा विचार केला. "दुर्बिनीचं साहेब काई बोलले नाई. राहू द्या तुमच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुणवंता नुसती दुर्बीण घेऊन मचाणावर बसला. डुकरं आली. इतकी स्वच्छ डुकरं त्याने जन्मात पाहिली नव्हती. एकेक केस दिसत होता. एकाच्या ओठाला तर धानाचं लोंब लटकलं होतं. बिचारा हरखून बघतच राहिला, ओरडायचंही विसरला.

एवढ्यात पलीकडच्या बांधावरून रुख्मा तेलाचा रिकामा डब्बा बडवत धावत आली. डुकरं शेपट्या वर करून पळाली. "वा," गुणवंता दुर्बिणीतूनच म्हणाला.

मग डब्बा थांबला. रुख्मा मचाणाकडे वळली. गुणवंताने डोळा बाजूला केला, तर ती दूर, बोटाएवढी होती. पुन्हा डोळा लावला, तर फुगलेल्या नाकपुड्या, खोचलेला पदर आणि हातातलं दांडकं, सगळं अगदी नाकासमोर.

ती मचाणाखाली येऊन उभी राहिली. "मी नाई जात माहेरी. डुकरं मी हाकलून राहिली, तं तुमीच जा सासुरवाडीले. नाई तं उतरा, अन् उद्यापासून डब्बा बडवा."

गुणवंता उतरला. धान वाचलं. नऊवाली परत करायला तो गोंदियाला गेला.

"क्यों भैया," इंद्रकुमारने विचारलं, "साफ नहीं दिखा क्या?"

"भोत साफ दिखा शेठ," गुणवंता म्हणाला. "मले चारवालीच पुरे."