सगुणाबाईची प्रात्यक्षिक परीक्षा

एका जंगलात, बाळांनो, सगुणा नावाची गाढवीण राहायची. गाढव जंगलात कसं, असं मध्येच विचारू नका. कुंभाराने हाकललं होतं, म्हणून आली होती.

माणसं म्हणतात, गाढवापुढे वाचली गीता. जंगलातले प्राणी मात्र मुद्दाम तिच्यापुढेच आपापलं रडगाणं गायचे. सशाला रोजची भीती, अस्वलिणीला सासरचा जाच, माकडिणीचं तर जावेच्या तक्रारीवाचून पान हलत नसे. सगुणा गवत चघळत ऐकायची. मग म्हणायची, "जाऊ दे गं, आधी पाणी पी." बस्स, एवढंच. येणारा हलका होऊन जायचा आणि सगुणाला वाटायचं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो. जन्मभर ओझी वाहून तिला असं कधी वाटलं नव्हतं.

पुढे कोल्हेसर आले. त्यांनी वडाखाली समुपदेशन विद्यालय काढलं आणि सिंहाकडून फर्मानच आणलं. यापुढे प्रमाणपत्राशिवाय कुणीही कुणाचं दुःख ऐकायचं नाही.

ऐकणं गेलं, तर सगुणापाशी राहिलं काय? तिने मुकाट विद्यालयात नाव घातलं.

वर्षभर घाम गाळला बिचारीने. "जाऊ दे गं" म्हणायचं नाही, हे शिकली. पाण्याचं विचारायचं नाही, तेही शिकली. मान किती हलवायची, याचा तर आठवडाभर सराव झाला. कोल्हेसर रोज घोकून घ्यायचे, "सल्ला द्यायचा नाही. समोरच्याचं उत्तर समोरच्यालाच सापडलं पाहिजे."

परीक्षा तळ्यावरच्या टेकाडावर होती. सगुणासमोर हरणी येऊन बसली, तळ्याकडे पाठ करून. सर शेजारी गुणपत्रिका घेऊन बसले.

"मावशी, माझं पाडस सकाळपासून दिसत नाही," हरणी म्हणाली.

"पाडस दिसत नाही, असं तुम्ही म्हणताय," सगुणा म्हणाली. अगदी शिकवल्यासारखं.

"हो ना. जीव थाऱ्यावर नाही माझा."

"जीव थाऱ्यावर नसतो, तेव्हा नेमकं काय वाटतं?"

सरांनी खूश होऊन गुण दिले. तेवढ्यात सगुणाची नजर हरणीच्या मागे, खाली तळ्याकडे गेली. काठच्या चिखलात पाडस पोटापर्यंत रुतलं होतं.

तिने सरांकडे पाहिलं. सरांनाही दिसलं होतं.

"अजून अर्धा तास आहे," सर कुजबुजले. "उत्तर तिचं तिला सापडू द्या."

पाडस गळ्यापर्यंत गेलं. सगुणाने एकदा मान हलवली. दुसऱ्यांदा हलवली. तिसऱ्यांदा काही हलवता येईना.

"अगं, मागे बघ! पोर बुडतंय तुझं!" ती ओरडली आणि हरणीच्या आधी स्वतःच धावत सुटली. चिखलात उतरून तिने पाडसाला मानेला धरून ओढून काढलं.

सगुणा अर्थातच नापास झाली. शेरा होता, 'सल्ला दिला. जागा सोडली. हरणीच्या भावना अर्धवट राहिल्या.' पहिला आला बगळा. तो पाऊण तास एका पायावर, डोळे मिटून, निश्चल उभा होता. त्याच्यासमोर बसलेल्या मासोळीची आजवर एकही तक्रार आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी हरणी पाडसाला घेऊन सगुणाकडे आली.

"मावशी, पोर झोपेत सारखं दचकतंय गं. आणि मला तर..."

सगुणाने कान दुसरीकडे फिरवले. फर्मान होतं ना!

"मला आता ऐकता येत नाही, बाई. बगळ्याकडे जा."

हरणी जरा वेळ घुटमळली. मग पाडसाला घेऊन तळ्याकडे निघाली. सगुणाला फार वाईट वाटलं. पण सांगणार कुणाला?

तात्पर्य: बाळांनो, पाडसं काय, रोजच रुततात. परीक्षा वर्षातून एकदाच असते. म्हणून आधी प्रमाणपत्र घ्यावं. मग ज्याचं पाडस गेलं, त्याचं दुःख पाऊण तास अगदी नीट ऐकता येतं.